दहा शुक्रवारांचा सुलतान

माझी सासू तोलुन अना मयतं धुवायची. कोन्या शहरात घोडेबाजार दरवाज्यापासून आमच्या नमदेवाल्यांच्या मोहल्ल्यापर्यंत कुठेही बाई किंवा लहान मूल गेलं की तिला बोलावणं यायचं आणि ती हातातला घास ताटात ठेवून उठायची. शेवटचं पाणी तिच्याच हातचं मिळावं, असं दोन म्हाताऱ्यांनी माझ्यादेखत तिच्याकडून वचन घेतलं होतं. एरवी मात्र तिला जेवायला कोणी बोलवत नसे. लग्नघरी ती शिरली की नवरीची आई नवरीला हळूच पलीकडे सरकवायची. अनाला ते बरोबर दिसायचं. ती मुद्दाम गर्दीतून वाट काढत जायची, नवरीच्या गालावरून हात फिरवायची, आणि घरी येऊन पोट धरधरून हसायची.

मी त्या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माझा नवरा दुरमुश नमदे, लोकर दाबून केलेलं जाड कापड, करायचा. ओली लोकर तुडवून तुडवून त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. लग्नाला तीन महिने झाले नसतील, अनाने मला विचारलं, लवकर रडू येतं का तुला? मी म्हटलं, नाही. मग उद्यापासून तांब्या तू धर, ती म्हणाली. धुणारीबरोबर पाणी घालणारी एक लागतेच. आधीची पाणी घालणारी म्हातारी झाली होती, तिच्या हाताला कंप सुटायचा आणि पाणी भलतीकडेच जायचं. अशा रीतीने मला धंदा मिळाला. माझ्या माहेरच्यांनी हे ऐकून चार महिने आमच्याकडे पाऊल टाकलं नाही.

आमच्या कामाची रीत साधी आहे. धुणारीने फळीवर जे पाहिलं ते फळीवरच राहतं. पाठीवरचे वळ, मांडीवरचे डाग, कुणाला पत्ता नसलेलं पोटातलं मूल, अनाने सगळं पाहिलं होतं आणि एक अक्षर कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. मोहल्ल्यातली निम्मी घरं तिच्या गप्प बसण्यावर उभी होती, असं मला कधी कधी वाटतं. रीतीचा दुसरा भाग म्हणजे दारातला प्रश्न. मयताची आंघोळ आटोपून आम्ही बाहेर आलो की घरातलं सगळ्यात मोठं माणूस विचारतं, चेहरा कसा होता? उत्तर ठरलेलं. झोपल्यासारखा, अंगावर डाग नाही. तेवढ्याने रडणाऱ्यांना जरा धीर येतो. नवऱ्याने कुऱ्हाडीने मारलेल्या एका बाईबद्दलही अनाने दारात हेच सांगितलं होतं, आणि तिच्या भावांनीही मान डोलावली होती. ते खरं की खोटं, असं कोणी पाहत नाही. कोणी सलाम केला की आपण सलाम करतो, तसं ते.

आमच्या भिंतीला भिंत लावून सेविंचचं घर होतं. तिचा नवरा सरहद्दीवर गेला तो परत आलाच नाही. तिला आणि मला एकाच महिन्यात मुलगे झाले. माझा याशार जगला, तिचा सहाव्या दिवशी गेला. त्याच आठवड्यात मला तापाने धरलं आणि माझं दूध आटलं. सेविंचचे डोळे रडून सुजलेले होते, पण दिवसातून सात-आठ वेळा ती यायची, न बोलता याशारला उचलायची आणि पाजायची. असं तिने अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी टेकडीवरच्या वाड्यातून माणसं आली. राणीला मुलगा झाला होता आणि तरण्या, निरोगी बाईचं दूध हवं होतं. सेविंच गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या पोराने माझा जीव वाचवला गं, नाहीतर छाती फुटून मेले असते."

अशा रीतीने माझा याशार आणि राजपुत्र दूधभाऊ झाले. पुढे याशार चालायला लागला, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका त्याला चिडवायच्या, शहजादे, आधी नाक पुसा. सेविंच वर्षातून दोनदा भेटायला यायची, वाड्यातले जर्दाळू आणायची, आणि राजपुत्राच्या गोष्टी सांगायची. त्याला विंचवाची भीती वाटते. त्याला खिरीवरची साय आवडत नाही. तिच्या बोलण्यात तो राजपुत्र कधी नव्हताच, तो पोर होता, आणि तिचा होता.

मुलं सहा वर्षांची झाली त्या वसंतात सुलतान शिकारीत घोड्यावरून पडून मेला. वजिराने सहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं. पहिल्या शुक्रवारी टेकडीवरच्या मशिदीत त्याच्या नावाचा खुतबा, म्हणजे नमाजाचं प्रवचन, वाचला गेला आणि नमाजानंतर त्याची स्वारी बाजारातून निघाली. मोठ्या राखाडी घोड्यावर उशा रचून त्याला बसवलं होतं. शेजारून सेविंच चालत होती, कारण त्याच्या पायातला एक जोडा सारखा निसटत होता आणि तो उचलून परत घालायचं काम तिचं होतं. चांभारांच्या आळीत पोचल्यावर सुलतानाने सगळ्या कोन्याकडे तोंड करून भलीमोठी जांभई दिली. लोक हसले, आणि त्या जांभईवर अख्खं शहर त्याच्या प्रेमात पडलं. त्यातच त्याच्या नावाने चुलीमागचा कर एका वर्षापुरता माफ झाला. कर कुणी माफ केला असेल हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही, पण दुवा आम्ही त्या पोरालाच दिली.

असे दहा शुक्रवार त्याचं नाव वाचलं गेलं. त्याचा एक चुलता पूर्वेकडे मंगोलांच्या छावणीत होता. नवव्या शुक्रवारी बातमी आली की त्याला मंगोलांकडून गादीचं फर्मान मिळालं आहे आणि तो कोन्याकडे निघाला आहे. दहाव्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी, न्याहारीच्या वेळेला, वाड्यातला एक अंमलदार आमच्या दारात उभा राहिला. चांगला बोलणारा माणूस होता. म्हणाला, सुलतान तापाने गेले, वय लहान आहे, बाईच्या हाताने धुतलेलं चालतं, आणि वजीरसाहेबांनी तोलुन अनाचं नाव घेतलं आहे. अनाने विचारलं, वाड्यात धुणाऱ्या नाहीत का? तो म्हणाला, आहेत, पण लोकांचा विश्वास तुमच्यावर आहे.

त्याने आम्हाला धमकी दिली नाही, गप्प बसा असंही सांगितलं नाही. त्याची गरजच नव्हती. आमची रीत त्याला ठाऊक होती.

खोली गार होती आणि कापराचा वास होता. फळीवर तो होता, हनुवटीपर्यंत चादर. अना लहान मुलांशी धुताना बोलायची, ती तिची सवय होती. "चल बघू राजा, पाणी कोमट आहे," ती म्हणाली आणि चादर खाली घेतली. गळ्याभोवती निळसर रेघ होती, करंगळीहून बारीक, दोन्ही कानांच्या मागे गेलेली. आमच्याकडे शाही रक्त जमिनीवर सांडत नाहीत. त्यासाठी धनुष्याची दोरी असते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि सहा वर्षांच्या गळ्यावर पाहणं वेगळं. माझा तांब्या हातात तसाच राहिला. अनाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मग तिने नेहमीसारखी उजव्या हातापासून सुरुवात केली. "डोळे मीट हं, पाणी जाईल," ती त्याला म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. मी पाणी घालत राहिले.

शेवटी हनुवटी बांधायची पट्टी तिने रुंद घेतली आणि खालून वर अशी गुंडाळली की गळा झाकला जावा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मयताचं व्यंग झाकायचं, एवढंच तिच्या हातांना तीस वर्षं शिकवलेलं होतं. ती खूण आमच्याच हातांनी झाकली गेली, हे मला पुढे कित्येक दिवस खात राहिलं.

बाहेर चौकात गर्दी होती. मुल्ला होते, बाजारातल्या सगळ्या आळ्यांचे पुढारी होते, पडद्याआड राणी होती. वजीर स्वतः पुढे आला आणि त्याने विचारलं, "चेहरा कसा होता?"

"झोपल्यासारखा," अना म्हणाली. "अंगावर डाग नाही."

तिने विचार केला नाही. माझ्या मुलाची शपथ, तिने क्षणभरही विचार केला नाही. टेकडीच्या पायऱ्या अर्ध्या उतरल्यावर ती थांबली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "इंजे, मी काय बोलले गं आत्ता?" मी म्हटलं, जे नेहमी बोलता तेच. ती पायरीवर बसली.

बाजाराला तापाची गोष्ट पटली नाही. रविवारी तो घोड्यावर बसलेला लोकांनी पाहिला होता. नमदेवाले, चांभार, तांबट, सगळे दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावून कुजबुजायला लागले, आणि कुजबुजीत दोरीचं नाव यायला लागलं. मग गुरुवारी दवंडी पिटली. सुलतानाला खिरीतून विष दिलं, देणारी त्याची दूधआई सेविंच, ती कैदेत आहे. आणि दवंडीचं शेवटचं वाक्य असं होतं, की गळा आवळल्याच्या अफवा खोट्या आहेत, कारण मयत धुणाऱ्या तोलुनने चारचौघांत सांगितलं आहे की अंगावर डाग नव्हता.

दुपारपर्यंत सेविंचच्या बंद दारावर थुंकलेलं होतं. थुंकणारे आमच्याच आळीतले होते. तोलुन अना खोटं बोलणार नाही, असं म्हणत थुंकले. अना बादली घेऊन बाहेर आली आणि ते दार तिने धुतलं. कुणी तिला अडवलं नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, उद्या काझीसमोर सुनावणी आहे, मी जाणार. दुरमुशला तिने कारण सांगितलं नाही, फक्त सेविंचच्या बाजूने बोलायचंय एवढंच सांगितलं. मी भांडी आवरताना तिला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, तुम्ही रीत मोडणार? उद्यापासून तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. ती म्हणाली, न करोत. मी म्हटलं, वजीर आपल्याला सोडेल का? ती म्हणाली, मला सोडलं काय नाही काय, मी साठीची आहे. म्हणाली नाही, पण तिला हेही म्हणायचं होतं की तू सव्वीसची आहेस, म्हणून तुझं नाव घेणार नाही. तशी ती होती.

शुक्रवारी सकाळी तोच गोड बोलणारा अंमलदार पुन्हा आला, या वेळी दुरमुशसाठी. नव्या सुलतानाच्या तंबूंना नमदे हवेत, वाड्यात येऊन मापं घ्या. दुरमुशच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याने नवी टोपी घातली, दोनदा आरशात पाहिलं. दारातून निघताना अंमलदाराने याशारच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून विचारलं, "हाच का तो, सुलतानाचा दूधभाऊ?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? अनाही तिथेच होती. तिने तिच्या लेकाच्या पाठीकडे पाहिलं, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. मग डोक्यावर ओढणी घेतली आणि मदरशाकडे निघाली. मीही तिच्या मागे निघाले. तिला एकटीला जाऊ देववेना, म्हणून निघाले. निदान मला तसं वाटत होतं.

काझी म्हातारा होता, नाक गळत होतं, आणि माणूस वाईट नव्हता. मदरशाच्या अंगणात एका बाजूला सेविंच बसली होती, हात बांधलेले, केस मोकळे. रडत नव्हती. वजिराचा माणूस तक्क्याला टेकून बसला होता, जणू पाहुणा म्हणून आला होता. अनाने उभं राहून सांगितलं की मुलाच्या गळ्याभोवती दोरीची खूण होती, दोन्ही कानांमागे गेलेली, आणि पट्टीने ती आपणच झाकली.

"मंगळवारी दारात तू दुसरंच सांगितलंस," काझी म्हणाला.

"दारात रीत बोलली, साहेब. इथे मी बोलतेय."

काझीने बराच वेळ दाढी कुरवाळली. कबर पुन्हा उघडायची कुणाची छाती नव्हती, त्याचीही नव्हती. शेवटी म्हणाला, बायका मयत धुतात त्या खोलीत पुरुष जात नाहीत, तेव्हा दोन बायकांची साक्ष मी मानेन. दुसरी कोण होती? अनाने माझं नाव घेतलं नाही, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण धुणारीबरोबर पाणी घालणारी असते, हे कोन्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. वजिराचा माणूसच म्हणाला, "तिची सून होती. ती काय, मागे उभी आहे."

मला पुढे उभं केलं. काझीने विचारलं, "तू गळा पाहिलास?"

सेविंचने मान वर केली. "सांग गं, इंजे," ती म्हणाली. विनवणी नव्हती त्यात. मला माहीत आहे तेच मी सांगणार, अशी तिची खात्री होती, आणि लवकर सांगून टाक म्हणजे आपण घरी जाऊ, असा आवाज होता. मला दुरमुशची नवी टोपी दिसत होती. वाड्याच्या भिंतींच्या आत, मापाची काठी हातात घेऊन, खाली वाकून मापं घेणारा तो. आणि याशारच्या डोक्यावर ठेवलेला हात.

"मी तांब्याकडे बघत होते," मी म्हटलं. "पाणी सांडू नये म्हणून. मी काही पाहिलं नाही."

काझीने पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी ते जास्त सोपं गेलं, हे मी लपवत नाही. सेविंचने माझ्याकडे बघणं थांबवलं. अना तशीच उभी होती, हात पोटाशी धरून, आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता. एका बाईच्या साक्षीवर काझी काही करू शकत नव्हता. करू शकला असता का, हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आहे. वजिराने दुसरी काहीतरी वाट काढलीच असती, असं म्हणून मी झोपायचा प्रयत्न केला आहे. झोप लागत नाही.

रविवारी सकाळी घोडेबाजार दरवाज्यात तिला फाशी दिली. शाही रक्त नव्हतं, म्हणून साधा दोर. संध्याकाळी अना प्रेत मागायला गेली आणि तिला ते मिळालं, कारण दुसरं कुणी मागायला आलंच नव्हतं. मला तिने चल म्हटलं नाही. मी आपणहून तांब्या उचलला. सेविंचच्या स्वतःच्या घरात, तिच्याच अंगणातल्या विहिरीचं पाणी तापवून, तिला धुतलं. मंगळवारी होती तशीच खूण तिच्या गळ्यावर असणार, फक्त जाड. असणार म्हणते, कारण मी पाहिली नाही. मी तांब्याच्या तोंडाकडे बघत राहिले, पाण्याच्या धारेकडे, अनाच्या मनगटाकडे. मान वर करायचा प्रयत्न केला आणि मान वर झाली नाही. बाहेर आलो तेव्हा दारात कुणी नव्हतं. कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर मला मयताकडे कधी बघता आलं नाही. खोटं बोलले ते माझ्या अंगाला चिकटलं आणि खरं झालं. एकोणीस वर्षं मी पाणी घातलं, शेकड्यांनी बायका आणि मुलं, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. लोकांना ते फार आवडायचं. किती मर्यादशील सून आहे, नजर वर करत नाही, म्हणायचे. घंगाळातून वाफ वर यायला लागली की वाफेपलीकडे, फळीच्या डोक्याच्या बाजूला, कुणीतरी बाह्या वर करून उभं आहे असं मला वाटायचं. मदतीला आल्यासारखं. मी त्या बाजूला कधीच गेले नाही. आम्ही आधी डोक्याच्या बाजूने पाणी घालायचो, मी पायाच्या बाजूने घालायला लागले, आणि अनाने का म्हणून विचारलं नाही. तिने मला कशाबद्दलच काही विचारलं नाही. एक वाईट शब्द नाही, टोमणा नाही. पूर्वी ती मला टोमणे मारायची, माझ्या रोट्यांवरून, माझ्या माहेरावरून. ते बंद झालं, आणि मला ते टोमणे एखादं माणूस आठवावं तसे आठवायचे.

दारातलं उत्तरही तिने सोडलं. चेहरा कसा होता, असं कुणी विचारलं की ती जोड्यात पाय घालून चालायला लागायची. आधी लोक गोंधळले, मग म्हणाले, म्हातारी झाली. उत्तर मग मी द्यायला लागले. झोपल्यासारखा, अंगावर डाग नाही. एकही चेहरा न पाहिलेली मी, एकोणीस वर्षं सगळ्या चेहऱ्यांची ग्वाही देत होते. लोकांना बरं वाटत होतं.

आणि शुक्रवारचं एक होतं. चुलता गादीवर आला, त्याचं नाव खुतब्यात आलं, पोराच्या नावाची नाणी वितळवली आणि ते नाव घ्यायची बंदी झाली. शुक्रवारी टेकडीवरून अजान झाली की अना अंगणात तोंड धुवायची आणि पोराचं नाव मोठ्याने म्हणायची. एकदाच. जेवायला हाक मारावी तसं. मी धावत जाऊन कडी घालायची. दर शुक्रवारी घालायची, एकोणीस वर्षं, आणि तिने दर शुक्रवारी म्हटलं. चुलताही केव्हाच गेला, त्यानंतरचाही गेला, बंदी कुणाच्या लक्षातही राहिली नसेल. तरी ते नाव मी इथे घेतलेलं नाही. सवय आहे.

शेवटच्या दुखण्यात ती फार दिवस पडून नव्हती. मेरामच्या बागांतून शरदातली फळं यायला लागली होती. मी तिला तर्हानाचं, वाळवलेल्या दह्या-पिठाचं सूप भरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "लारेंदे दरवाज्याजवळची झुहाल आहे ना, धुणारी. मला धुवायला तिला बोलव."

आमच्या धंद्यात याच्याइतका अपमान नाही. घरात धुणारी असताना बाहेरची बोलवायची म्हणजे घरातलीच्या हातात काहीतरी खोट आहे. मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "मी असताना, अना?"

"तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षाही हलका." तिला दम लागला, थांबली. "दुरमुश तुझ्यामुळे वाचला. रोज सकाळी त्याला बघते आणि तुला दुवा देते, अल्ला साक्षी आहे."

"मग का?"

"तू बघत नाहीस, पोरी," ती म्हणाली. "माणूस जायच्या आधी त्याला कुणीतरी एकदा नीट बघायला हवं."

मी उरलेलं सूप भरवलं. ती प्यायली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली आणि मी याशारला लारेंदे दरवाज्याकडे पाठवलं.

झुहाल आली, बरोबर तिची पाणी घालणारी. मी त्यांना घंगाळ दाखवलं, साबण दाखवला आणि अंगणात येऊन बसले. आतून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. दुरमुश कबरस्तानातून खड्ड्याचं सांगून परत आला आणि मला बाहेर बसलेली पाहून थबकला. त्याने विचारलं, तू आत का नाहीस? मी म्हटलं, अनाने नको म्हटलं होतं. त्याने विचारलं, का?

एकोणीस वर्षांत मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की त्याची आई सेविंचसाठी काझीकडे गेली होती आणि काही उपयोग झाला नव्हता. त्या सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. गळ्यावरची रेघ, काझीचा प्रश्न, मी दोनदा दिलेलं उत्तर, आणि तो त्या वेळी कुठे होता ते. मला वाटलं तो उठेल, मारेल, ओरडेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तो पायऱ्यांवर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या पोटऱ्या आता सुकल्या होत्या.

"त्या दिवशी वाड्यात मला जेवायला वाढलं होतं," तो म्हणाला. "मटण होतं, जर्दाळू घातलेलं. मी दोनदा मागून घेतलं."

आत पाणी पडायचं थांबलं, आणि झुहालने दारातून हात बाहेर काढून कफनाचं कापड मागितलं. मी उठले आणि तिला दिलं.